पट्टायातील चार रात्री: कोणती घंटा वाजवावी आणि कोणती नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे सहा जणांचे कुटुंब जानेवारीत चार रात्रींसाठी पट्टायाला जाणार आहे. त्यात सत्तरीच्या आसपासचे आईवडील, मुलगा आणि सून, आणि दोन कॉलेजवयीन नातवंडे आहेत. आजींना कांदा-लसूणही चालत नाही आणि त्यांचे गुडघे दुखतात. सहलीचे पॅकेज न घेता स्वतः फिरायचे आहे, फसवणूक होऊ द्यायची नाही, आणि ‘पट्टाया कुटुंबाने जाण्यासारखे आहे का’ ही नातेवाइकांनी मनात घातलेली शंकाही आहेच. मी अठरा वर्षे पुण्याहून थायलंडला पर्यटकांचे गट घेऊन जात आहे आणि त्यातील बहुतेक फेऱ्यांत पट्टायाचा मुक्काम होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शंकेचे उत्तर आधी देतो. पट्टाया हे बँकॉकच्या आग्नेयेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, चोनबुरी प्रांतात वसलेले शहर आहे. १९५९ पर्यंत ती मासेमाऱ्यांची वस्ती होती; त्या वर्षी थायलंडमधीलच कोरात शहराजवळच्या तळावरील अमेरिकी सैनिक तेथे सुट्टीसाठी येऊ लागले आणि पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात गावाचा चेहरामोहराच बदलला. रात्रीच्या बार आणि देहविक्रीच्या बाजारामुळे गाव बदनाम झाले, ते खोटे नाही. मात्र हा बाजार शहराच्या ठरावीक भागांत आहे. दक्षिण टोकाची वॉकिंग स्ट्रीट आणि बीच रोड व सेकंड रोड यांना जोडणाऱ्या काही गल्ल्या सोडल्या, तर उरलेल्या शहरात थाई कुटुंबे, रशियन आजीआजोबा आणि आपल्याकडचे मधुचंद्राचे जोडपे एकाच दुकानातून नारळपाणी घेताना दिसतात. म्हणून मुक्कामाची जागा हा तुमच्या सहलीचा सर्वांत मोठा निर्णय आहे. तुमच्यासारख्या कुटुंबाने दक्षिणेकडचे जोमतियन, मधली प्रातुम्नाक टेकडी किंवा उत्तरेकडचे नाक्लुआ यांपैकी एक निवडावे. वॉकिंग स्ट्रीटपासून चालत पाच मिनिटांवरचे हॉटेल कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण तेथे रात्री तीनपर्यंत खिडकीची काच थरथरत असते.

आता मुख्य मुद्दा. पट्टायात दोन प्रकारचे भाव असतात, एक फळ्यावर लिहिलेला आणि दुसरा तोंडी सांगितलेला. आपली माणसे नेमके उलटे करतात. फळ्यावरच्या भावाशी घासाघीस करून दुकानदारिणीला अवघडून टाकतात आणि तोंडी भावाचा व्यवहार मात्र ‘नंतर बघू’ म्हणून न ठरवताच सुरू करतात. या अठरा वर्षांत मी जेवढी भांडणे मिटवली, त्यांतील बहुतेकांचे मूळ या दुसऱ्या सवयीत होते. मालिशच्या दुकानाबाहेर फलक असतो, फेरीबोटीच्या धक्क्यावर दर असतो, सेव्हन-इलेव्हन या साखळी किराणा दुकानात किंमत छापलेली असते. तेथे मुकाट पैसे द्यावेत. जेट-स्की, स्पीडबोट, टुकटुक, किनाऱ्यावर फिरणारे विक्रेते, मोटारसायकलवरची सफर यांचा भाव मात्र आधी ठरवावा, तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकड्यात दाखवून घ्यावा, आणि ‘माणशी की सगळ्यांचे मिळून’ आणि ‘जाणे-येणे की फक्त जाणे’ हे दोन प्रश्न न विसरता विचारावेत.

शहरात फिरण्यासाठी सोंगथॅव आहेत. निळसर रंगाच्या पिकअप गाडीच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकडी टाकलेली असतात आणि सोंगथॅव या शब्दाचा अर्थही ‘दोन रांगा’ असाच आहे. बीच रोडवरची वाहतूक फक्त दक्षिणेकडे जाते आणि सेकंड रोडवरची फक्त उत्तरेकडे, त्यामुळे या गाड्या दिवसभर एका लांबट वर्तुळात फिरत असतात. चालत्या गाडीला हात दाखवावा, काही न विचारता मागे चढावे, उतरायचे ठिकाण आले की छताला लावलेले बटण दाबून घंटी वाजवावी, उतरून पुढे यावे आणि चालकाच्या हातात माणशी ठरलेले दहा-वीस बाट ठेवावेत. याहून जास्त संभाषण लागत नाही. ‘अमुक ठिकाणी जाणार का, किती घेणार’ असे विचारले, किंवा रस्त्याच्या कडेला रिकाम्या उभ्या असलेल्या गाडीत बसलात, की तीच गाडी भाड्याची खासगी गाडी ठरते आणि दोनशे-तीनशे बाट मागितले जातात. चालकाच्या दृष्टीने ती फसवणूक नसते, तुम्ही रिक्षा ठरवली असे तो समजतो. सुटे पैसे मात्र जवळ हवेत. हजाराची नोट पुढे केल्यास तो नाराज होईल आणि त्याचे बरोबरच आहे. जोमतियनला जायचे असल्यास सेकंड रोड आणि पट्टाया ताय या रस्त्यांच्या चौकाजवळून वेगळी गाडी मिळते. पाट्या वाचताना एवढे लक्षात ठेवा की नुआ म्हणजे उत्तर, क्लांग म्हणजे मध्य, ताय म्हणजे दक्षिण आणि सोय म्हणजे गल्ली. आजीआजोबा बरोबर असताना, विशेषतः रात्री, ग्रॅब किंवा बोल्ट या मोबाइल अ‍ॅपवरून मोटार मागवणे सोयीचे पडते. भाडे आधीच पडद्यावर दिसते आणि बोलण्याची गरज राहत नाही.

घंटेचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या घंटेचीही गोष्ट सांगतो. उघड्या बिअर बारमध्ये काउंटरच्या वर पितळेची घंटा टांगलेली असते. काही वर्षांपूर्वी माझ्या गटातील एक निवृत्त शिक्षक पाय दुखतात म्हणून अशाच एका बारच्या उंच खुर्चीवर लिंबू सोडा घेत बसले होते. उठताना समोर घंटा दिसली, आणि देवळातून निघताना जो हात आपोआप वर जातो तो गेला. घंटा वाजताच सगळ्या बारने टाळ्या वाजवल्या. गुरुजींना वाटले, आपले स्वागत झाले. प्रत्यक्षात ती घंटा वाजवणारा माणूस त्या क्षणी बारमध्ये हजर असलेल्या प्रत्येकाला एकेक पेय पाजण्यास बांधील होतो, हा तेथील सर्वमान्य रिवाज आहे. चाळीस बाटच्या सोड्याचे बिल तीन हजारांच्या पुढे गेले. मी धावत पोहोचलो, हात जोडून हसत हसत मालकिणीला चूक समजावली आणि तिने निम्म्यावर तडजोड केली. गुरुजी त्या वेळी आवाज चढवून बोलले असते, तर एक बाटही कमी झाला नसता.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबतो, कारण थायलंडमध्ये याचे महत्त्व आपल्याला सहजी कळत नाही. आपल्याकडे मोठ्याने बोलणे हा आग्रहाचा भाग आहे. रिक्षावाल्याशी वाद घालून पाच मिनिटांनी आपण त्याच रिक्षात निवांत बसतो. थाई माणसाच्या लेखी मात्र चारचौघांत आवाज चढवणाऱ्याने स्वतःचीही अब्रू घालवलेली असते आणि समोरच्याचीही. तेथे ‘जाय येन’, म्हणजे थंड मन, हा मोठा गुण मानतात. हॉटेलच्या स्वागतकक्षात खोली तयार नसल्याबद्दल ओरडणाऱ्या पाहुण्याकडे पाहून तेथील मुलगी हसत राहते. ते हसू होकाराचे नसते आणि चेष्टेचेही नसते. ती फक्त प्रसंग आवरत असते. अशा वेळी हळू बोला, वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘खाप’ आणि स्त्रीने ‘खा’ लावावे. नको असलेल्या विक्रेत्याला ‘माय आव खाप’ म्हणून हलकेच हसावे, तो पुढे जातो. त्याच्याकडे पाहत राहिलात किंवा वस्तू हातात घेतलीत, तर तो का जावा?

समुद्राविषयी स्पष्टच सांगतो. पट्टायाचा मुख्य किनारा संध्याकाळी फिरायला छान आहे, पोहण्यासाठी नाही. पाणी गढूळ असते आणि बोटींची ये-जा सतत चालू असते. पाण्यात उतरायचेच झाल्यास तरंगत्या गोळ्यांच्या दोरीने आखलेल्या भागाच्या आतच राहावे. खरे पोहणे कोह लान बेटावर. शहराच्या दक्षिण टोकाला बाली हाय धक्का आहे. तेथून मोठ्या दुमजली प्रवासी बोटी बेटाच्या नाबान धक्क्याला आणि तावेन किनाऱ्याला जातात. तिकीट माणशी ३० बाट, वेळ सुमारे पाऊण तास. पहिली बोट सकाळी सातच्या सुमारास निघते. तुम्ही तीच किंवा तिच्यानंतरची पकडा, कारण दहानंतर सहलींचे गट येतात आणि तावेन किनारा आपल्या चौपाटीसारखा भरून जातो. मला स्वतःला समे आणि तियन हे पश्चिमेकडचे किनारे आवडतात. नाबानला उतरून तेथपर्यंत बेटावरच्या सोंगथॅवने जाता येते. परतीची शेवटची बोट साधारण संध्याकाळी सहाची असते, पण धक्क्यावर उतरताच फलकावरील वेळेचा फोटो काढून ठेवावा, कारण तावेनहून सुटणाऱ्या बोटी लवकर संपतात.

येथे आमच्याच व्यवसायातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ‘कोरल आयलंड टूर’ या नावाने स्वस्तात विकली जाणारी, कोह लानलाच जाणारी स्पीडबोटची सहल निम्म्या वाटेवर, समुद्रातल्या एका तरंगत्या फलाटावर थांबते. तेथे पॅरासेलिंग असते, पुढे दुसऱ्या थांब्यावर डोक्याला शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालण्याचा प्रकार असतो. सहल स्वस्त असते ती या थांब्यांवरील विक्रीच्या आणि त्यावरील दलालीच्या जोरावर. नातवंडांना पॅरासेलिंग करायचे असल्यास जरूर करू द्या, मजा येते. मात्र भाव आधी विचारा, पट्टे स्वतः ओढून पाहा, आणि ज्यांना काहीच करायचे नाही त्यांना त्या हलत्या फलाटावर तासभर उन्हात बसावे लागते हे ध्यानात ठेवा. आजींसाठी ही सहल अजिबात योग्य नाही. स्पीडबोटीत चढण्यासाठी गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन हलत्या शिडीवर पाय टाकावा लागतो.

जेट-स्कीबद्दल माझे मत कठोर आहे आणि ते अनुभवातून आले आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या गटातील दोन तरुणांनी अर्ध्या तासासाठी जेट-स्की घेतली. परत आल्यावर मालकाने तळाशी असलेला एक ओरखडा दाखवून चाळीस हजार बाट मागितले. ओरखडा जुना होता हे मला दिसत होते, कारण त्यात शेवाळ साचले होते, पण आमच्याजवळ आधीचा एकही फोटो नव्हता आणि एकाचा पासपोर्ट त्याच्या ताब्यात होता. तीन तासांच्या वाटाघाटींनंतर आठ हजारांवर सुटका झाली. तेव्हापासून मी माझ्या गटांना जेट-स्की घेऊ देत नाही. तुमची नातवंडे ऐकणारच नसतील, तर पासपोर्ट कोणाच्याही हाती देऊ नये, निघण्यापूर्वी मालकाच्या देखत यंत्राचे चारही बाजूंनी आणि शक्य तितके खालून चित्रीकरण करावे, आणि वाद झाल्यास पैसे देण्यापूर्वी ११५५ या क्रमांकावर पर्यटक पोलिसांना फोन करावा. तेथे इंग्रजी बोलणारा माणूस मिळतो. रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९ आहे. दोन्ही क्रमांक सहाही जणांच्या मोबाइलमध्ये असू द्यावेत.

भाड्याच्या दुचाकीचा मोह नातवंडांना नक्की होईल, कारण तेथेही वाहने डावीकडूनच चालतात आणि रस्ते ओळखीचे वाटतात. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तेथे चालतो, मात्र त्यावर मोटारसायकलच्या वर्गाची नोंद हवी. ती नसताना अपघात झाला, तर प्रवास विमा कंपनी बहुधा हात वर करते आणि तेथील खासगी रुग्णालयाचे बिल पाहून माणूस दुसऱ्यांदा आजारी पडतो. परवाना नसेल तर गाडी घेऊ नये, असेल तर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे, आणि अनामत म्हणून पासपोर्ट न देता रोख रक्कम द्यावी.

आता आजींचे जेवण. हा विषय माझ्या आवडीचा आहे, कारण थाई भाषा येथे आपल्याला अनपेक्षित मदत करते. शाकाहारासाठी तेथे ‘मांग-सा-वि-रात’ असा शब्द आहे. सावकाश उच्चारून पाहा, तो ‘मांसविरती’च आहे. पण आजींसाठी त्याहून उपयोगाचा शब्द ‘जे’ हा आहे. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या ‘जे’ आहारात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतातच, शिवाय कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेली, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखी दिसणारी खूण दिसली की ते दुकान ‘जे’ आहे असे समजावे. सेव्हन-इलेव्हनमधील अनेक पुड्यांवरही तीच खूण असते. साध्या हॉटेलात केवळ ‘व्हेज’ म्हटल्यास मांसाचे तुकडे काढून टाकतात, पण चवीसाठी नाम प्ला, म्हणजे माशांपासून केलेला खारट रस, घालतातच. त्यांच्या दृष्टीने ते मीठच आहे. म्हणून ‘माय साय नाम प्ला’, माशाचा रस घालू नका, हे चार शब्द पाठ करावेत. कच्च्या पपईचे सोम ताम दिसायला आपल्या कोशिंबिरीसारखे असले तरी त्यात सुकट असते. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र आजींनी निर्धास्त खावा. जानेवारी हा आंब्याचा भर हंगाम नसला तरी तो मिळतो. भारतीय उपाहारगृहे पट्टायात पावलोपावली आहेत, पण तेथेही कांदा-लसणाशिवाय हवे असल्यास आदल्या दिवशी सांगून ठेवलेले बरे. नळाचे पाणी पिऊ नये, बाटलीबंद पाणी स्वस्त आहे. हॉटेलच्या खोलीत फणसाचा दूरचा भाऊ शोभेल असे डुरियन आणू नका. वासामुळे बहुतेक ठिकाणी त्याला बंदी असते आणि दंडही आकारतात.

कायद्याच्या काही गोष्टी मी प्रत्येक गटाला विमानतळावरच सांगतो आणि दर वेळी कोणीतरी चकित होते. पहिली गोष्ट पत्त्यांची. थायलंडमध्ये १९३५ च्या कायद्यानुसार एका जागी १२० हून अधिक पत्ते बाळगणे हा गुन्हा आहे, म्हणजे रमीचे तीन कॅट भरले की मर्यादा ओलांडली. २०१६ मध्ये पट्टायातच ब्रिज खेळणाऱ्या बत्तीस वयस्क परदेशी नागरिकांना पोलिसांनी पकडले होते, आणि २०२३ च्या मे महिन्यात तेथील एका हॉटेलात जुगारप्रकरणी ऐंशीहून अधिक भारतीय ताब्यात घेतले गेले. खोलीत बसून दहा-दहा रुपयांची तीन पत्ती खेळणे घरी निरुपद्रवी असेल, तेथे नाही. दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक सिगारेटची. ती देशात आणण्यासच बंदी आहे आणि जवळ सापडली तरी दंड होतो, हे नातवंडांना वेगळे बाजूला घेऊन सांगावे. गांजाची दुकाने अजूनही दिसतील. २०२२ मध्ये बंधने उठली होती, पण २०२५ च्या जूनपासून तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि त्याची गोळी-बिस्किटे भारतात आणणे हा आपल्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे. राजघराण्याचा अवमान केल्यास तेथे प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. नोटांवर आणि नाण्यांवर राजाचे चित्र असते, म्हणून वाऱ्याने उडालेली नोट पायाने दाबून धरू नये. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते, तेव्हा आजूबाजूचे थांबले की आपणही थांबावे.

पैशांच्या बाबतीत, एक बाट साधारण अडीच ते तीन रुपयांच्या घरात असतो. रुपये नेऊन तेथे बदलण्यापेक्षा डॉलर किंवा येथूनच थोडे बाट न्यावेत, कारण रुपयाला दर चांगला मिळत नाही. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी दोनशे वीस बाटच्या आसपास शुल्क घेते, म्हणून पैसे काढायचे तर एकदाच पुरेसे काढावेत, आणि यंत्राने ‘रुपयांत हिशेब करू का’ असे विचारल्यास नकार देऊन बाटमध्येच व्यवहार पूर्ण करावा. आजींना आणि सूनबाईंना आणखी एक विनंती आहे: गळ्यातील सोने नाशिकलाच ठेवावे. रात्री बीच रोडवर दुचाकीवरून येऊन किंवा लगट करून भारतीय पर्यटकांच्या साखळ्या लांबवण्याचे प्रकार इतके घडतात की तेथील पोलिसांनाही त्याचे नवल राहिलेले नाही; पुरुषांच्या जाड साखळ्या तर दुरून चमकतात.

कागदपत्रे थोडक्यात सांगतो. जुलै २०२४ पासून भारतीयांना साठ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देण्यात आला. हे नियम तेथील सरकार बदलत असते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावे. १ मे २०२५ पासून प्रत्येक प्रवाशाला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावे लागते. ते पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ बनावट समजावे. सुवर्णभूमी विमानतळाच्या पहिल्या मजल्यावर आठव्या दाराजवळून जोमतियनची थेट बस दीडशे बाटच्या आत मिळते आणि सुमारे दोन तास लागतात, पण सामान आणि गुडघे लक्षात घेता तुम्ही टोलसह भाडे ठरवलेली मोठी व्हॅन घेतलेली बरी.

चार दिवसांचा क्रम तुमचा तुम्ही लावा. मी फक्त एवढेच सांगेन की जानेवारीत हवा कोरडी आणि वर्षातील सर्वांत सुखद असली तरी दुपारी बारा ते तीन आजीआजोबांना उघड्यावर ठेवू नये. त्या वेळेसाठी नाक्लुआचे सत्यमंदिर उत्तम आहे. १९८१ मध्ये काम सुरू झालेली, समुद्राला लागून असलेली ही पूर्ण लाकडी वास्तू अजूनही घडते आहे, म्हणून आत जाताना डोक्यावर हेल्मेट घालावे लागते. छिन्नी चालवणारे कारागीर तेथे समोर बसलेले दिसतात आणि ब्रह्मा, विष्णू, गणपती ओळखत आजोबांचे दोन तास सहज जातात. गणपतीला तेथे ‘फ्रा फिकानेत’ म्हणतात. ‘विघ्नेश’चेच ते थाई रूप. प्रातुम्नाक टेकडीवरच्या अठरा मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीला मात्र सकाळी जावे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मूर्तीकडे पाय करून बसू नये आणि लहान मुलाच्याही डोक्यावर थोपटू नये, तेथे डोके पवित्र मानतात. संध्याकाळी मालिश करून घ्यायची असल्यास काचेतून आत सगळे दिसते आणि बाहेर दर लिहिलेले आहेत असे दुकान निवडावे, आजींनी पायांची मालिश घ्यावी आणि ‘बाव बाव’, म्हणजे हलक्या हाताने, हे आधीच सांगावे. गुडघ्यावर दाब देऊ नये, हे बोट दाखवून समजावले तरी पुरते.

राहिला आजींना बेटावर न्यावे की नाही हा प्रश्न. माझ्या मते न्यावे, पण फक्त मोठ्या प्रवासी बोटीने आणि सकाळी. बाली हाय धक्क्यावर बोट आणि फलाट यांच्यात एका पायरीचे अंतर असते आणि बोटीवरची मुले वृद्धांचा हात न सांगता धरतात. खालच्या मजल्यावर मधल्या भागात बसवा, तेथे बोट कमी हलते, आणि जीवरक्षक जॅकेट अंगात असू द्या. नाबानला उतरल्यावर सोंगथॅवच्या मागच्या उंच पायरीवर त्यांना चढवू नका. चालकाला खूण केली की तो आपल्या शेजारची जागा आनंदाने देतो. समे किनाऱ्यावर छत्रीखालची खुर्ची भाड्याने मिळते, तिचा दर लिहिलेला असतो. पायात मागून पट्टा असलेले सँडल हवेत, कारण साडेअकरानंतर तेथील पांढरी वाळू अनवाणी पायांना चांगलीच पोळते, आणि खुर्चीपासून पाण्यापर्यंतची पंचवीस पावले आजींना घाईने टाकता येणार नाहीत.